म्हाकूबाबांचा दावेदार

आमच्या लोणी गावात गजर लावायची गरज नाही. तांबडं फुटलं की म्हाकूबाबा बांधावर उभे राहतात, माळाकडं तोंड करतात आणि लांडग्याला शिव्या द्यायला लागतात. साध्यासुध्या नाहीत. आधी त्याची आई, मग बाप, मग आजा-पणजा, आणि शेवटी त्यानं खाल्लेल्या एकेका मेंढराचं नाव घेऊन तळतळाट. तोवर माझा चहा उकळतो. मुक्कामाला आलेले पाहुणे दचकून उठून बसतात. बायको त्यांना सांगते, "काही नाही, बाबांची काकड आरती चाललीय."

बाबा आमचे बांधाला बांध लागून शेजारी. धनगराचं घर, सारी उमर मेंढरांमागं गेली. लांडग्याला ते लांडगा म्हणत नाहीत. नाव घेतलं की येतो म्हणे. ते म्हणतात दावेदार. गंमत अशी की दुसऱ्या कुणी त्याला नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत. एकदा पारावर कुणीतरी म्हणालं, हे लांडगे मारून टाकले पाहिजेत. बाबांनी काठी आपटली. म्हणाले, "तुझं काय खाल्लं त्यानं? खाल्लं ते माझं. शिव्या मी देनार."

मेंढरं होती तेव्हाही असंच. लांडग्यानं कोकरू उचललं की बाबा बोंबलत मैलभर पळायचे, आणि धापा टाकत परत आले की शांतपणे म्हणायचे, "वाटा न्हेला त्यानं." माळ दोघांचा, तर कळपातही दोघांचा वाटा, हा त्यांचा न्याय. गाव म्हणायचं म्हातारा चळलाय. खरं सांगायचं तर मीही म्हणायचो.

मग आम्ही भावांनी आमचा माळ मंचरच्या एका बिल्डरला प्लॉटिंगसाठी दिला. कुसळाशिवाय तिथं काही उगवत नव्हतं, ठेवून तरी काय करायचं? थंडी सरता सरता जेसीबी आला. आखलेला रस्ता नेमका ओढ्याच्या दरडीवरून जात होता, आणि त्याच दरडीत लांडगिणीनं बीळ केलं होतं. आत पिल्लं होती.

बिल्डरचा सुपरवायझर भारी हुशार. रोज सकाळच्या शिव्या त्यानं ऐकलेल्या. तो हसत हसत बाबांकडं गेला आणि म्हणाला, तुमच्या दावेदाराचा कायमचा बंदोबस्त करतो, वनखात्याला कळायच्या आत दुपारी बीळ बुजवून टाकतो. बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा आता पेढे वाटणार.

बाबांनी भाकरी बांधून घेतली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि जेसीबीच्या वाटेत जाऊन बसले. मशीनकडं पाठ, बिळाकडं तोंड, आणि तोंडानं शिव्या चालूच. ऑपरेटरला काही उमजेना. त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला आणि हात जोडून विचारलं, शिव्या मला देताय का त्याला? बाबा म्हणाले, त्यालाच. तुझी-माझी वळख तरी हाय का?

म्हाताऱ्याला उठवायला मला सुपरवायझरचा फोन आला. मी तणतणतच गेलो. म्हटलं, बाबा, जन्मभर ज्याच्या नावानं खडे फोडले त्याच्यासाठी आमचं काम अडवता?

"वैर मोठ्याशी आस्तं, गड्या," ते म्हणाले. "पोरांशी न्हाई. त्याची पोरं पायावर हुईस्तवर मी काय इथनं उठत न्हाई."

तेवढ्यात बिळाच्या तोंडाशी मातीच्याच रंगाचं एक इवलंसं नाक आलं आणि सटकन आत गेलं. माझा राग कुठं गेला, राव, मला कळलंच नाही. मीच वनखात्याला फोन लावला. वनरक्षक आले आणि ओढ्याकडचं काम थांबलं.

पण नुसतं थांबून भागणार नव्हतं, रस्ताच हलवायला हवा होता. आता प्लॉटिंग म्हटलं की ओपन स्पेस सोडावीच लागते. बिल्डरनं ती गेटाशी दाखवली होती, मंदिर आणि झोपाळ्यांसाठी. मी हटून बसलो. माळ आमचा, सही आमची. ओपन स्पेस ओढ्याकडं न्या, रस्ता वरून घ्या. भाऊ माझ्याशी बोलेनासे झाले. बिल्डर म्हणाला, गिऱ्हाइकानं विचारलं तिकडं काय आहे, तर काय सांगू? बाबा म्हणाले, सांगा, जुनं बिऱ्हाड हाय. शेवटी वैतागून बिल्डरनं नकाशा बदलला.

त्या दिवसांत बाबा रोज लांब बाभळीखाली राखणीला बसत. शिव्या चुकल्या नाहीत, फक्त कुजबुजत देत. मी विचारलं तर ओठांवर बोट ठेवून म्हणाले, पोरं झोपल्यात.

उन्हाळ्याच्या तोंडाला लांडगीण पिल्लं घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी मला उन्हं वर आल्यावर जाग आली. बाबा आमच्या ओट्यावर गप बसलेले. मी चेष्टेनं विचारलं, आज आरती नाही वाटतं?

"कुनाला देऊ?" ते म्हणाले. "मेंढरं इकली तवा कारभारीन म्हनली, आता तरी निवांत झोपा. मग तीबी गेली. पोरं चाकनला. फोन करत्यात, जेवलास का म्हनत्यात, ठिवत्यात. रोज उठून भांडावं आसा त्यो येकच व्हता."

बायकोनं त्यांच्यापुढं चहा ठेवला, तो तसाच निवला. त्यानंतर बाबा रोज येऊन ओट्यावर बसायचे आणि माळाकडं बघत राहायचे. आमचं घर सकाळचं उशिरा उठायला लागलं, आणि खोटं कशाला बोलू, ते कुणालाच गोड लागेना.

असेच एकदा दिवस मावळताना ते बसले होते, आणि ओढ्याकडून लांडग्याची आरोळी आली. लांब, खर्जातली. तिच्यामागून दोन-तीन बारीक, कच्च्या, चिरकलेल्या.

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. मुंडासं सारखं केलं, बांधावर चढले आणि घसा खाकरला. "कुठं उलथला व्हतास रं, मुडद्या?" इथून जी सुरुवात झाली ती आई, बाप, आजा, पणजा, सगळं साग्रसंगीत. आतून बायको हसत बाहेर आली.

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. मी मागंच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"समदी पोरं हायती नव्हं?"