साखरेची उद्घोषणा

एक ड्रायव्हर निवृत्त होत होता म्हणून डेपोत केक कापला, यात ड्रायव्हरचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर उद्घोषकाचा होता. बायकोची पाठ फिरताच त्याने केकचा भलामोठा तुकडा मटकावला, वर बाटलीतलं सरबत घटाघटा प्यायलं, ओठ पुसले आणि जिना चढून आपल्या काचेच्या खोलीत माइकसमोर जाऊन बसला.

बसडेपोत त्याला सगळे 'आवाज' म्हणत. पूर्वी त्या भारदस्त आवाजाला शोभेल असं शरीरही होतं. इतकं, की एकदा तो जिन्यात दम खायला बसला तो उठेचना. मग डॉक्टरांनी ऑपरेशन करून त्याचं पोट मुठीएवढं केलं आणि आतड्याचा रस्ता वळवला. वर्षभरात माणूस निम्मा झाला आणि आवाज तेवढाच राहिला. नवीन प्रवासी काचेतून आत बघत आणि बोलणारा मागे कुठेतरी बसला असेल असं समजत.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता गोड खाल्लंत की ते सरळ आतड्यात उतरणार. साखर झपकन चढेल आणि तासा-दीड तासाने धाडकन खाली येईल. घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच ग्लुकोजच्या गोळ्या चघळायच्या आणि मग अंडं वगैरे खायचं. हयगय केलीत तर जीवावर बेतेल." बायको तेव्हा औषधं आणायला खाली गेली होती. घरी आल्यावर त्याने तिला हे समजावलं.

"हे बघ, गोड खाल्लं की माझी साखर कमी होते."

"बरं."

"आणि साखर कमी झाली की गोड खायचं, वर एक अंडं."

बायको त्याच डेपोत आरक्षणाच्या खिडकीवर बसायची. लोकांच्या थापा ऐकण्यात तिचा जन्म गेला होता. "अहो," ती म्हणाली, "थाप मारायची तर जरा डोकं लावून तरी मारा."

तिचं तरी काय चुकलं? खाल्लेलं कबूल करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. ओठांना जॅम लागलेला असताना, घरात जॅम आहे हे आपल्याला ठाऊकच नाही असं त्याने तिला तोंडावर सांगितलं होतं. ऑपरेशननंतर एकदा चक्कर आल्याचं सोंग करून बिस्किटंही मिळवली होती. त्या दिवसापासून बायकोने घरातून साखर हद्दपार केली, कँटीनवाल्या मामांना शपथ घातली आणि आवाजच्या टेबलाच्या खणातली ग्लुकोजची नळी उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. नळी गेल्याचा आवाजला पत्ताही नव्हता.

केक खाऊन तासभर झाला आणि आवाजच्या मानेवरून घाम ओघळू लागला. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी हलायला लागली. "फलाट चारवरची बस फलाट सहावरून," त्याने जाहीर केलं, "आणि सहावरची चारवरून, किंवा जशी असेल तशी." खाली दोन्ही फलाटांवरची माणसं बोचकी उचलून एकमेकांच्या दिशेने पळाली. त्याने खण उघडला. नळी नव्हती.

थरथरत्या हाताने त्याने कँटीनला फोन लावला. या भानगडीत त्याचं कोपर माइकच्या बटणावर टेकलं, बटण दाबलं गेलं आणि तिथेच अडकलं. आता तो जे बोलेल ते सगळा डेपो ऐकणार होता.

"मामा, चहा. साखर घालून. जास्त साखर घालून!"

"वहिनींनी शपथ घातलीय, साहेब."

"तुमच्या शपथेच्या... मामा, मी मरतोय!"

"वहिनी म्हणाल्याच होत्या, असंच म्हणतील म्हणून," असं म्हणत मामांनी फोन ठेवला.

मग त्याने खिडकीवर फोन लावला. बायकोपुढे रांग होती आणि रांगेतला प्रत्येक जण डोक्यावरच्या कर्ण्यातून तिच्या नवऱ्याचं बोलणं ऐकत होता. तिचे कान लाल झाले.

"अगं, एक चमचा साखर दे गं. पाया पडतो."

"नाटकं बंद करा! सगळा डेपो हसतोय!" म्हणत तिने फोन आपटला.

डेपो खरंच हसत होता. चारच्या बसमध्ये चढलेले सहाचे प्रवासी तेवढे हसत नव्हते. डेपो मॅनेजर धाडधाड जिना चढून वर आले. त्यांना दिसला तो घामाने निथळलेला, डोळे फिरलेला, उभा राहताना खुर्चीला मिठी मारणारा माणूस.

"ड्युटीवर पिऊन आलात?"

आवाजला सांगायचं होतं की डॉक्टर, आतडं, गोळ्या. जीभ वळेना. "सरबत," तो म्हणाला, "फक्त सरबत."

"कळतंय कसलं सरबत ते! आज तुमची नोकरी घालवतो की नाही बघा. यंत्र घेऊन येतो, फुंकायचं त्यात." मॅनेजरांनी बाहेरून कडी घातली आणि ते गेले. खाली बसेसची भांडणं सुरू होती, त्यामुळे वाटेतच लोकांनी त्यांना गाठलं.

आवाज खुर्चीवरून घसरून जमिनीवर आला. त्याला भयंकर भीती वाटली. एवढं पोट कापून घेतलं ते जगायला, आणि आता केकच्या तुकड्यापायी, बंद दाराआड, लोकांच्या हसण्यात मरायचं. हसणारी माणसं काचेतून दिसत होती, पण फार लांब. जी काही शुद्ध उरली होती तिच्यात त्याला फक्त आपलं काम आठवलं. त्याने वायर ओढून माइक खाली घेतला.

"प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी," त्याच भारदस्त, आता जड झालेल्या आवाजात तो म्हणाला. "केक... मी खाल्ला."

डेपोत हशा पिकला. आरक्षणाच्या खिडकीवर मात्र बायकोच्या हातातलं तिकीट गळून पडलं.

आवाजने गयावया केली असती तर ती हलली नसती, रडला असता तरी नसती. पण या माणसाने खाल्लेलं कबूल केलं? हा माणूस खरोखर मरत होता. पर्स छातीशी धरून ती जिन्याकडे धावली. "मामा, अंडं आणा, उकडलेलं!" ती ओरडली. का, ते तिचं तिलाही कळलं नाही. थाप म्हणून उडवून लावलेलं एकेक वाक्य डोक्यात लख्ख उजळलं होतं.

कडी काढून ती आत शिरली. नळी उपडी केली. तीन गोळ्या निघाल्या.

"अहो, तोंड उघडा. चावा. अरे चाव ना!" ती किंचाळली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला 'अरे' म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. त्याने चावलं. एकेक करून तिन्ही गोळ्या गेल्या. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुन्हा पुन्हा पुसत राहिली. बऱ्याच वेळाने त्याची नजर स्थिर झाली. मामा अंडं घेऊन दारात उभे होते, त्यांना आत यायचा धीर होत नव्हता.

आवाजने रिकाम्या नळीकडे पाहिलं.

"ही भरलेली होती," तो पुटपुटला.

बायकोने नळी पदराखाली सारली.

"बाकीच्या कुठे गेल्या?"

"खाल्ल्या," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "घरात साखरेचा कण नाही. तुम्हाला मोह नको म्हणून मीच टाकली सगळी. मग खिडकीत बसून रोज एक चघळायचे, कोणी बघत नसताना. ह्या तीन उरल्या होत्या. आज केकचा वास आला तेव्हा ह्याही संपवणार होते. पुढे एक गिऱ्हाईक आलं म्हणून राहिल्या हो."

खाली कोणी हसलं नाही. मामांच्या मागे मॅनेजर हातात यंत्र घेऊन येऊन थांबले होते. ते वाकले, यंत्र हळूच खिशात घातलं आणि माइकचं अडकलेलं बटण नखाने वर काढलं.

"चावा," बायको डोळे पुसून आवाजच्या तोंडात अंडं देत म्हणाली. "आधी धड व्हा. केकचं मी घरी बघते."

खाली फलाटावर मात्र एकही माणूस बसमध्ये चढेना. सगळे कर्ण्याकडे माना वर करून उभे होते आणि ऐन वेळी बटण बंद करणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होते.