सण राखणारी बयाबाई

मरण कोणाच्या हातात नसते. मरणाची तिथी मात्र माणसाने घरच्यांची सोय पाहून निवडावी, असा पोलादपूरकडचा जुना आणि अत्यंत विचारी शिरस्ता आहे. सणाच्या दिवशी घरात कोणी गेले, की तो सण त्या घराला बंद होतो. पुढे त्याच सणाला घरात मूल जन्मले किंवा गाय व्याली, तरच तो सुटतो.

कापडे गावच्या हैबतीच्या घराण्याने या बाबतीत फार निष्काळजीपणा केला होता. आजा नागपंचमीला गेला, चुलता दिवाळीला, बाप ऐन पाडव्याला (गुढीचा बांबू आयताच तिरडीला लागला). दसरा आत्याने नेला होता. पण कपिली गाय नेमकी त्या दिवशी व्याली आणि दसरा परत मिळाला. तेव्हापासून घरात कपिलीचा मान हैबतीच्या आईपेक्षा, म्हणजे बयाबाईपेक्षा, वरचा होता. आता हाती दसरा, गौरी-गणपती आणि शिमगा एवढेच उरले होते.

म्हणून एकोणीसशे एकतीस साली, होळीच्या चार दिवस आधी, बयाबाईने अंथरूण धरले तेव्हा घराचे धाबे दणाणले. वर्षभर ती मागच्या पडवीत घोंगडीवर खोकत असे आणि त्याने कोणाची झोप मोडत नसे. आता तिला माजघरात खाट मिळाली. महाडचा वैद्य बैलगाडीतून आला. सून तुळसा पाय चेपू लागली, तूप-भात भरवू लागली. आणि वर्षाला आईशी दोनदा बोलणाऱ्या (एकदा पेरणीला, एकदा झोडणीला) हैबतीने तिच्या कपाळावर हात ठेवला.

"आये, शिमग्याची पालखी दारात येऊन जाव दे गो. मग तुझ्या मनासारखं कर."

बयाबाईच्या डोळ्यांत पाणी आले. लेकाचा हात इतका ऊन असतो हे ती विसरूनच गेली होती. तिने दम धरला. पालखी आली, नाचली, नारळ घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी खाटेवर हळद वाळत पडली आणि बयाबाई पडवीत.

म्हातारी शाळेत गेली नव्हती, पण पंचांग तिला कळले. गौरी यायच्या दोन दिवस आधी ती आजारी पडली. तूप आले, हातही आला. दसऱ्याला तेच. पुढच्या शिमग्यालाही तेच. प्रत्येक सण तिने चोख पार पाडला.

मग वैशाख वद्य सप्तमीला तिला खरेच बरे वाटेना.

"हैबती, आज माजा जीव घाबरतोय रे. जरा बस."

हैबतीने बोटांवर तिथी मोजली.

"आज सण काय नाय गो आये," असा तिला धीर देऊन तो भाताच्या रोपांसाठी राब भाजायला निघून गेला. दुपारी जेवायला आला तेव्हा ती गेलेली होती.

"मोठी पुण्याची बाय! एक सण मोडला नाय," असे सारा गाव म्हणाला. हैबती मात्र बराच वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत बसला होता (धुराने डोळे चुरचुरत होते म्हणे).

वाचकांना हैबतीचा राग आला असेल, तर ते योग्यच आहे. मात्र मघापासून तुमच्या आतल्या खोलीतून कोणी खोकत आहे; उठण्यापूर्वी आज कोणता सण आहे ते पाहून घ्या. काही नसेल, तर सावकाश उठा.