तात्पुरता-दोनची सुखरूप निवृत्ती

ज्या वस्तूचा उपयोग कोणालाच माहीत नाही, ती बंद करण्याइतके धोक्याचे काम नाही. उपयोग माहीत असेल, तर काय बिघडणार हे आधी सांगता येते. माहीत नसेल, तर काहीही बिघडू शकते. आमच्या संगणक विभागाची सगळी सुरक्षितता या तत्त्वावर उभी आहे.

क्लाउडवरचा सर्व्हर म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीत आपल्यासाठी चालू असलेला, आपण कधीही न पाहिलेला संगणक. आमच्याकडे असा एक जास्तीचा निघाला. नाव 'तात्पुरता-दोन'. (तात्पुरता-एकची चौकशी तूर्त करू नये, असे ठरले.) तो कोणी सुरू केला, कशासाठी केला, कोणालाच ठाऊक नव्हते. त्याला सुखरूप निवृत्त करण्याचे काम सर्वांत शेवटी रुजू झालेल्या मुलीकडे आले. तिला सगळे धाकटी म्हणतात. ती अजून प्रोबेशनवर होती.

"हे नीट पार पाडलंस की तू कायम," साहेब म्हणाले. "आणि काही बंद पडलं, तर मात्र..." पुढचे वाक्य त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिले.

धाकटीने आधी सर्व विभागांना विचारले. ऐंशी टक्के विभागांनी 'आमचा नाही' असे कळवले. उरलेल्या वीस टक्क्यांनी 'आमचा नाही, पण बंद करू नका' असे कळवले.

तेव्हा विभागातल्या आजोबांनी (वय पंचेचाळीस) बोंब चाचणी सुचवली. ही चाचणी पूर्णपणे शास्त्रीय आहे. सर्व्हर बंद करायचा आणि कान टवकारून बसायचे. कोणी बोंब मारली, तर सर्व्हर उपयोगाचा. नाही मारली, तर बिनकामाचा.

"आणि बोंब उशिरा आली तर, आजोबा?"

"तोवर तू कायम झालेली असशील की गं."

सर्व्हर बंद केला. आठवडाभर सगळीकडे शांतता. धाकटीने आईला फोन लावला. "आई, अजून कोणी ओरडलं नाहीये!"

"बरं झालं. जेवलीस का?"

साहेब मात्र बेचैन झाले. "या लोकांचा पंखा थोडा हळू फिरला तरी चार तक्रारी येतात. आणि आता एकही नाही?" तातडीची बैठक बसली. निष्कर्ष निघाला, की बोंब मारण्याची व्यवस्थाच तात्पुरता-दोनवर चालत असणार. धाकटीने लगेच स्वतःच एक तक्रार पाठवून पाहिली. ती पोचली.

"तुझी पोचली," साहेब म्हणाले. "ज्यांची पोचत नाहीये, त्यांचं काय?"

यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. सर्व्हर पुन्हा चालू केला.

थोड्याच वेळात हिशेब विभागातल्या बाई दारात उभ्या. "अहो, काय चाळे लावलेत? इतके दिवस मशीन कसं छान पळत होतं! आत्ता पुन्हा रडायला लागलंय. कोणी हात लावला?"

विभागात आनंदीआनंद झाला. बोंब आली होती. ती बंद केल्यावर यावी की चालू केल्यावर, याबाबत नियम गप्प आहे.

"साहेब, पण त्यांना तो बंदच हवाय!" धाकटी कळवळून म्हणाली.

"अगं, त्याच्यामुळे कोणाला तरी काहीतरी होतंय ना? मग आपण कोण बंद करणारे?"

तात्पुरता-दोन कायम झाला. कायमच्या सर्व्हरला जबाबदार माणूस लागतो, आणि जबाबदार माणूस प्रोबेशनवर चालत नाही. म्हणून धाकटीही कायम झाली. परवा दुसऱ्या विभागातल्या एका उत्साही गृहस्थाने तिला विचारले, "हा बंद करून बघू का?"

"खबरदार," ती शांतपणे म्हणाली, "माझं पोट आहे त्याच्यावर."

आपल्याला हसू येत असेल. येऊ द्या. आपल्या घरातल्या एका स्विचबोर्डावर एक बटण असे आहे, की ते कशाचे हे घरातल्या कोणालाच माहीत नाही. ते कायम चालू असते. जा, उठा, ते बंद करून या.

(असू द्या, बसा. आमच्या विभागात एक जागा रिकामी आहे. आपला अनुभव पुरेसा आहे.)