अस्पेत्तो आणि उलट्या बाह्या

मास्तरांनी शिंपीकामात जन्मभर गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवलं होतं. म्हणून लेकीने त्यांना इटालियन शिकवताना क्रियापदही तेच निवडलं: 'अस्पेत्तारे', म्हणजे थांबणे, वाट पाहणे.

जावई इटालियन. दुपारी लग्न, आणि त्याची आई सकाळीच दुकानात व्याह्यांना भेटायला येणार होती.

"बाबा, त्यांच्यासमोर तोंडात गुळणी धरून बसू नका हं," लेकीने बजावलं होतं. "त्यांना वाटेल, तुम्हाला हे लग्न पसंतच नाही."

मास्तरांना हे फार लागलं. पोरगा त्यांना मनापासून आवडला होता, पण सांगणार कसं? म्हणून ते जावयाचा कोट शिवता शिवता घोकत राहिले. "अस्पेत्तो, मी थांबतो. अस्पेत्ती, तू थांबतोस. अस्पेत्ता, तो थांबतो..." पायडलच्या ठेक्यावर क्रियापद असं काही रंगलं, की कोट कधी संपला ते कळलंच नाही.

सकाळी जावयाने कोट चढवला. डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे! बिचाऱ्याचे हात पुढे, तर कोपरं भलतीकडेच.

"बाबा, दुपारी लग्न आहे!" लेक किंचाळली.

"ओरडू नकोस. उसवतो."

तेवढ्यात दार वाजलं. मास्तरांची गाळण उडाली.

"अस्पेत्ती!" ते ओरडले.

"अहो बाबा, विहीणबाईंना पहिलाच शब्द 'थांबा'?"

चूक सावरायला मास्तरांनी उरलेलं सगळं म्हणून टाकलं. "अस्पेत्तो! अस्पेत्ता! अस्पेत्त्यामो!" शेवटी जावयानेच, त्या अवतारात, दार उघडलं.

विहीणबाईंनी लेकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, कोट काढून घेतला आणि पर्समधून छोटी कात्री काढली. त्याही शिंपीणच, हे सांगायचं जावई साफ विसरला होता! मशीनसमोर मास्तरांच्या खुर्चीत बसून त्या टाके उसवू लागल्या आणि हसत काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" मास्तरांचा जीव टांगणीला लागला.

"म्हणतात, लग्न पसंत नसलेला शिंपी बाह्या नीट लावून मोकळा होतो. असला घोळ माणूस आनंदातच घालतो," लेकीने सांगितलं.

मास्तरांचे डोळे भरून आले. पण आपल्या मशीनवर दुसरं कोणी बसलेलं त्यांना बघवेना. ते दर मिनिटाला डोकावू लागले. "विहीणबाई, झालं का? आता तरी झालं?"

विहीणबाईंनी मानही वर केली नाही.

"अस्पेत्ती," त्या शांतपणे म्हणाल्या.

मास्तर गुपचूप गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. बाक इतका टणक आहे, हे त्यांना आजच कळलं.