सर्जाला आंबील

आमच्या कॉलनीवरून हवाई दलाचं विमान गेलं की सगळे वर बघतात. शेजारचे माणिकअप्पा मात्र टेबलाकडे बघतात. तिथं त्यांचा जुना कॉम्प्युटर असतो. त्याच्या डब्यावर पंजा ठेवून विमानाचा आवाज विरेपर्यंत त्याला थोपटत राहतात. "हो, हो. कामून भ्यायलास? जायलाय ते."

बीदरात विमानांना तोटा नाही, त्यामुळे अप्पांचा एक हात कायम गुंतलेला असतो. दुसऱ्या हातानं ते पत्ते खेळतात, तुरीचा भाव बघतात आणि मुडबी गावच्या आपल्या शेतावर ढग आलेत का ते तपासतात. शेत वाट्यानं दिलंय, पण ढगांची काळजी अजून स्वतःकडेच ठेवलीय.

कॉम्प्युटरचं नाव सर्जा. मुडबीच्या गोठ्यातल्या शेवटच्या बैलाचं हे नाव. तो गेल्यावर ते रिकामं पडून होतं, म्हणून अप्पांनी याला दिलं. कारहुणवीच्या सणाला बैल सजवतात तसा ते मॉनिटरला गोंडा बांधतात. एरवी डब्यावर जुनी झूल असते. सकाळी बटण दाबून ते आंघोळीला जातात, पूजा उरकतात, चहा घेतात, आणि मग कुठं पडद्यावर चित्र उमटतं. "म्हातारं हाय, उठायला येळ लागणारच," असं म्हणतात. मी एकदा घाईनं माउस आपटला तर मला खुर्चीवरून उठवलं.

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. त्यामुळे कॉलनीतल्या सगळ्या आजारी यंत्रांवर आपला हक्क आहे असं मी समजून चालतो. सर्जावर मात्र माझा हक्क चालत नसे. त्याचा डॉक्टर वेगळा होता, आणि तो कॅनडात होता.

तो म्हणजे अप्पांचा मुलगा विजय. तिकडं बसून तो इकडचा कॉम्प्युटर चालवायचा. आपली रविवार सकाळ म्हणजे त्याची शनिवारची रात्र. बरोबर त्या वेळी सर्जाच्या पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागे. अप्पा आपली खुर्ची सोडून स्टुलावर बसत. त्या वेळी खुर्ची विजयची. ती रिकामी असली तरी त्यावर टॉवेल ठेवलेलासुद्धा त्यांना चालत नसे. बाण इकडून तिकडं फिरे, काही उघडे, काही मिटवे. अप्पा मांडीवर हात ठेवून बघत बसत. मी गेलो तर ओठांवर बोट ठेवत. "बोलू नगा. पोरगं कामात हाय."

आणि काम कधी कमी पडलं नाही. सर्जा सोमवार ते शुक्रवार ठणठणीत असे. शनिवारी संध्याकाळी हमखास त्याची तब्येत बिघडे. कधी अक्षरं मोठी होत, कधी आवाज जाई, कधी सगळा पडदा आडवा होई. पडदा आडवा करायला एकदम तीन बटणं दाबावी लागतात. ती चुकून दाबली जायची म्हणजे नशीब फारच वाईट पाहिजे. अप्पांचं नशीब महिन्यातून दोनदा तेवढं वाईट असे. मी हसायचो आणि गप्प बसायचो.

यंदा अप्पांचे गुडघे फार धरले. वेळ अमावास्येला मुडबीला जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि अप्पांच्या बायकोनं, कलावतीअक्कांनी, त्यावर शिक्का मारला. आमच्या भागात हा सण घरात बसून कुणी करत नाही. शेतात कडब्याची खोप करायची, पूजा मांडायची, आंबील शिंपडत खोपीला फेरी मारायची, मग मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि पोटाला तड लागेपर्यंत आंबील. विजय इथं होता तेव्हा फेरी मारताना तो पुढं आणि अप्पा मागं.

शेत नाही तर नाही. अप्पांनी कडब्याची पाच ताटं मागवली आणि हॉलमध्ये खोप उभी केली. हॉलमध्ये जागा एकच होती, ती म्हणजे कॉम्प्युटरचं टेबल. सर्जा खोपीत आला. त्याला गरमी होते म्हणून डब्याचं झाकण अप्पांनी उन्हाळ्यातच काढून ठेवलं होतं, ते परत लावायचं राहिलं होतं. हातात आंबिलीचं मडकं घेऊन अप्पा शेतातली हाळी घालत लंगडत फेरीला निघाले. अर्धी फेरी झाली आणि वरून विमान गेलं.

अप्पांचा पंजा सवयीनं सर्जाकडे गेला. मडकं एकाच हातात राहिलं आणि पुढच्या क्षणी तेही राहिलं नाही. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं असं सगळं सर्जाच्या उघड्या पोटात गेलं. चर्र आवाज आला, फोडणीचा वास सुटला आणि पडदा काळा झाला.

"वेळ अमावास्येला कुणी उपाशी ऱ्हाऊ न्हाई म्हंत्यात," अक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "ह्यानंबी जेवलं बघा."

अप्पा हसले नाहीत. मला बोलावणं आलं तेव्हा डबा दिसेना. मोबाइल भिजला तर तांदळात ठेवतात हे त्यांनी ऐकलं होतं, आणि घरात पोतं होतं ते ज्वारीचं. सर्जा त्यात गळ्यापर्यंत पुरलेला होता. बाहेर काढला तर पंख्याच्या पात्यात दाणे, वायरींत दाणे, आणि सगळीकडे आंबिलीचा थर. मी आजवर यंत्रांत चहा पाहिला, सरबत पाहिलं, एकदा औषधाचा काढा पाहिला. सगळं जेवण पहिल्यांदाच पाहिलं.

"अप्पा, आता नवा घ्या," मी म्हणालो. विजयनंही फोनवर तेच सांगितलं, "अप्पा, लॅपटॉप पाठवतो."

"नगं," अप्पा दोघांनाही म्हणाले. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळले. "आज गुरुवार. ऐतवारच्या आत हे उठलं पायजे."

"विजय तर रोज फोन करतोय की."

"फोनवर आलं की त्याला जायची घाई असती. जेवलाव का, गोळी घेतलाव का, ठेवू का. हितं आलं की तास तास बसतंय. काम करायलेलं दिसतंय मला." एवढं बोलून त्यांनी मान फिरवली. मला हसायला आलं नाही.

मी डबा घरी नेला आणि सगळे भाग सुटे केले. मुख्य बोर्ड ब्रशनं आणि स्पिरिटनं पुसला. ताक निघालं, पण पीठ वाळून खडखडीत बसलं होतं. ते लाकडी काडीनं खरवडून काढलं. त्याच्याखाली कॉलनीतली लाल मातीही सापडली. शुक्रवारभर बोर्ड गच्चीवर उन्हात ठेवला. अप्पा गुडघ्यांना विसरून गच्ची चढून आले आणि कावळे हाकत बसले. वीज पुरवणारा भाग पार मेला होता. तो नवीन हैदराबादच्या बसनं मागवला आणि हातासरशी नवी, वेगवान डिस्क आणि जादा मेमरीही मागवली. जुनी डिस्क खालच्या कप्प्यात होती म्हणून वाचली होती. तिच्यावरचं सगळं मी जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवलं.

शनिवारी दुपारी सर्जा टेबलावर परत गेला. अप्पांनी बटण दाबलं आणि सवयीनं टॉवेल उचलला. ते वळायच्या आत पडद्यावर चित्र हजर झालं.

"हे काय?" ते टॉवेल हातात धरून उभे राहिले.

"तरणा केला त्याला. आता अडकणार नाही, थांबणार नाही. काही वर्षं तरी याच्याकडे बघायला नको." मी अगदी ऐटीत सांगितलं.

अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी मला चहा पाजला, तोंडभर कौतुक केलं, पण चेहरा काही वर आला नाही. संध्याकाळी ते माझ्या दारात आले. बराच वेळ चप्पल काढू की नको करत राहिले.

"तुमी लई चांगलं केलाव," ते म्हणाले. "पर अक्षरं मोठी केलो तर आपोआप बारकी व्हायलीत. जरासं बिघडवता येतंय का? लई न्हाई. ऐतवारपुरतं."

अक्षरं आपोआप लहान व्हायची सोय माझीच, आगाऊपणानं केलेली. अप्पा शनिवारी काय करतात हे मला कधीचं ठाऊक होतं, आणि तरी त्यांचा रविवार मीच दुरुस्त करून टाकला होता. मला फार वाईट वाटलं. "सकाळी येतो, बघू," असं मी म्हणालो खरा, पण काय करायचं ते मला रात्रीपर्यंत सुचलं नाही.

सकाळी गेलो तेव्हा सर्जा झूल पांघरून चालू होता. अप्पा स्टुलावर होते, खुर्ची रिकामी होती. पडदा स्वच्छ, सगळं जिथल्या तिथं. अक्का दारात उभ्या राहून पडद्याकडेच बघत होत्या. अप्पा हळूच म्हणाले, "येतंय का बघू. काम तर काय न्हाई त्याला."

थोड्या वेळानं बाण हलला.

तो नेहमीसारखा फिरला. आवाज तपासला, अक्षरं तपासली, पडदा उभा आहे याची खात्री केली. मग मध्यावर येऊन थांबला. आता जाणार असं मला वाटलं. अप्पांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मांडीवरची मूठ आवळली. तेवढ्यात एक कोरं पान उघडलं आणि त्यावर अक्षरं यायला लागली.

‘अप्पा, आज काहीच बिघडलं न्हाई. तरी बसू का जरा?’

मी वाचून दाखवणार होतो, पण गरज नव्हती. अप्पांनी स्टूल पुढं ओढलं. आजवर विजय आत असताना त्यांनी कीबोर्डला कधी हात लावला नव्हता. डोळे पुसले, चष्मा परत घातला आणि एका बोटानं ‘ब’ शोधायला लागले.

तेवढ्यात वरून विमान गेलं. अप्पांना ते ऐकूच आलं नाही. अक्का पुढं झाल्या आणि आवाज विरेपर्यंत त्यांनी सर्जावर हात ठेवला.