अठरा ग्रॅमचा घोट

आमच्या स्टाफरूममध्ये अकराचा चहा आला की सगळ्यांचे हात कपाकडे जातात आणि राठोड सरांचा हात खिशाकडे. त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात एक पेन असतं आणि पेनाच्या शेजारी लॅबमधला काचेचा छोटा मेजरिंग सिलिंडर. तो रुमालाने पुसून ते त्यात चहा ओततात, एक डोळा मिटून डोळ्यासमोर धरतात आणि जाहीर करतात, "दोन मोल." मग मोबाइल काढून कुणाला तरी फोन लावतात. "हां. घे. एक," एवढंच बोलतात, पहिला घोट घेतात आणि फोन ठेवून देतात.

ट्यूशनचा एखादा ढ विद्यार्थी रोज अकरा वाजता बेरजेत अडकत असावा आणि सर त्याला हातचा एक घ्यायला सांगत असावेत, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती.

राठोड सर रसायनशास्त्र शिकवतात, मी याच कॉलेजात मराठी शिकवते. माझी आणि गणिताची सोडचिठ्ठी दहावीलाच झाली. मोल म्हणजे किंमत एवढंच मला ठाऊक. हा विनोद अकरावीत दरवर्षी कुणीतरी करतं आणि सर दरवर्षी त्याला बाकावर उभं करतात, म्हणून मी तो करत नाही. पण माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून आहे, मधली भिंत प्लायवूडची आहे आणि सरांचा आवाज शेतातून तांड्यापर्यंत हाक पोचवायला घडलेला आहे. त्यामुळे मी माझ्या पोरांना कविता समजावत असते आणि कविता संपेपर्यंत आम्हा सगळ्यांना मोल समजलेला असतो.

"काहून रे, तूर विकाले नेता तवा दाणे मोजता काय?"

"नाई सर, पोते मोजतो."

"हां! मंग अणू तं तुरीहून कितीक बारीक. एकेक मोजाले बसला तं जिंदगी सरून जाईन, पण वाटीभर पाणी मोजून होनार नाई. म्हणून शहाण्या माणसानं गठ्ठा बांधला. त्या गठ्ठ्याले म्हणते मोल. आमच्या खानदानानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. माह्या पणज्यानं मिठाचा दाणा मोजला काय कवा? गोणी मोजली!"

इथे दरवर्षी एखादी हुशार मुलगी उठते. "पण सर, एक गोणी मीठ आन एक गोणी कापूस, सारखंच काय मंग?"

या प्रश्नाची सर वर्षभर वाट पाहत असतात. "बस! इथंच सगळे पडते. गोणीचं सोड आता. शंभर बोरं घे आन शंभर टरबुजं घे. मोजाले दोन्ही शंभर. पण उचलून पाह्य! मोलात दाणे सारखे, वजन येगळं. कार्बनचा मोल बारा ग्रॅम, पाण्याचा अठरा, मिठाचा साडेअठ्ठावन. दाणे सगळ्याइचे तेवढेच. सहावर तेवीस शून्यं. वरची चिल्लर मी माफ केली."

चिल्लर माफ केली की वर्ग हसतो, आणि भिंतीच्या अलीकडे माझाही वर्ग हसतो. माझी कविता त्या दिवसापुरती संपते.

"आधी मोल, मंग बोल," हा सरांचा मंत्र. गणित सोडवताना पोरं ग्रॅमवरून थेट अणूंवर उडी मारतात, ती मारू नये म्हणून हा लगाम. पण सरांनी तो साऱ्या वणी गावाला घातला. कोळशाच्या ट्रकमधून रस्त्यावर एखादा खडा पडला की ते स्कूटर थांबवतात, खडा उचलतात आणि समोरच्या किराणा दुकानात तराजूवर टाकतात. "वीस मोल कार्बन. राख सोडून." दुकानदाराने एकदा विचारलं, "सर, देऊ काय बांधून?"

याच मंत्राने आमच्या रोडग्याच्या पार्टीचा घात केला. वार्षिक पार्टीला निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी असा बेत होता. भाजीला मीठ किती, असं कुणीतरी विचारलं आणि नेमके राठोड सर जवळ उभे होते. "दहा मोल," त्यांनी सांगितलं. दहाला साडेअठ्ठावनने गुणलं की झालं, म्हणजे अर्धा किलोच्या वर. पण मीठ आणायला गेले इंग्रजीचे भोयर सर. त्यांनी गुणाकार करायच्या जागी भागाकार केला. मग लॅबच्या काट्यावर वजन करून, छोट्या कागदाच्या पुडीत बांधून, वाऱ्याने उडू नये म्हणून तळहात वर धरून ते भट्टीपाशी आले. आचारी रशीदभाईंनी पुडी उघडली. आत चिमूटभरही मीठ नव्हतं.

"सर, ये क्या है? भाजी की नजर उतारनी है क्या?"

भोयर सर चिडले, "राठोडनं सांगतलं तेवढंच आनलं!" आणि राठोड सर एवढ्या लोकांत हात वर करून ओरडले, "मोल बरोबर होता! भागाकार कोनं कराले सांगतला?" रशीदभाईंनी पिशवी फोडून मुठीने मीठ टाकलं आणि भांडण मिटवलं. त्या गोंधळात एक गोष्ट मात्र मी पाहिली. मीठ पडायच्या आधी सरांनी भाजीतून एक वाटी बाजूला काढली होती आणि ती झाकून कमलाबाईंकडे नेली होती.

कमलाबाई म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपासून त्यांच्या किडन्या काम करत नाहीत. आठवड्यातून दोनदा सर त्यांना डायलिसिससाठी चंद्रपूरला नेतात. त्यांना मीठ बंद आहे, आणि मिठापेक्षा वाईट म्हणजे पाणीही मोजून. जास्त प्यायल्या तर ते शरीरात साठतं आणि श्वास कोंडतो. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सर त्याबद्दल बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. सिलिंडरला मात्र आम्ही मनसोक्त हसायचो.

या एप्रिलमध्ये अकरावीच्या परीक्षेत, भर उन्हाच्या दुपारी, सुपरव्हिजन करता करता सर चक्कर येऊन खुर्चीवर बसले. भोयर सर धावत पाण्याचा मोठा ग्लास घेऊन आले. सरांनी ग्लासाकडे पाहिलं आणि खिसा चाचपून सिलिंडर काढला.

"राठोड, मरून राह्यला तू, आन मापं कायले काढतं?" भोयर सर ओरडले. तरी सरांनी एक मोल ओतून घेतला, घोटभर प्यायले आणि ग्लास परत दिला. मी शेजारच्या गल्लीत राहते, म्हणून त्यांना घरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

ऑटोतून उतरलो तर कमलाबाई दारातच होत्या. पायावर सूज, चेहरा उतरलेला, पण आवाज खणखणीत. झाला प्रकार मी सांगितला. त्यांनी सरांना पंख्याखाली बसवलं, मला तांब्याभर पाणी दिलं, आणि मी संकोचले तर म्हणाल्या, "प्या बाई, बिनधास. मले दुसऱ्यानं पेतलेलं पाह्यलं तरी थंडं वाटते."

मग त्यांनी फ्रिज उघडून मला बर्फाचा ट्रे दाखवला. प्रत्येक खण सरांनी काट्यावर मोजून भरलेला. "डॉक्टरनं सांगतलं, पाऊण लिटरच्या आत. म्या आमच्या तांड्यावर लोट्यानं पाणी पेनारी बाई. चोरून पेली एक डाव, तं श्वासच अडकला. लय घाबरले हे. मंग यायनं चाळीस मोल करून देल्ले. अठरा ग्रॅमचा एक घोट. पाऊण लिटर म्हनलं का रडू येते, चाळीस घोट म्हनलं का लय वाटते. बर्फाचा मोल मले जास्त आवडते. मोठा दिसते."

"मोठा दिसते, पण वजन तेवढंच हाय," पंख्याखालून सर क्षीण आवाजात म्हणाले. "जागा जास्त घेते फक्त."

"पाह्यलं? चक्कर आली तरी शिकवनं सुटत नाई." मग त्या एकदम गंभीर झाल्या. "बाई, तुमी सांगा यायले. मले मनाई हाय, यायले नाई. पण हे बी दिवसाले चाळीसच पेते, कालेजात बी तेच चाळीसातले. अशा उन्हात! म्या म्हनलं, तिकडं तुमचे मोल मोजाले कोन येते, पेऊन घेत जा. ऐकत नाईत."

मी सरांकडे वळले. मला खरोखर राग आला होता. "सर, तुम्ही आजारी पडलात तर चंद्रपूरला कोण नेईल यांना?"

सर सिलिंडर खिशातून काढून हातात फिरवत म्हणाले, "म्याडम, सगळ्याचे मोल काढता येते मले. हिच्या तहानेचे नाई निघत. तिले किती लागत असन, हे कोन्त्या काट्यावर पाहू? म्हणून मंग तेवढंच पेतो आन पाह्यतो."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कमलाबाई मात्र रडल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी निकाल दिला, "पाहून झालं आता. पह्यला घोट अकरा वाजता फोनवर माह्यासंगं, रोजच्यासारखा. त्याच्यानंतर गिलास भरून पेजा. शपथ हाय माही. बाई, तुमी लक्ष ठेवजा."

हातचा एक कुणाचा होता ते मला तेव्हा कळलं. अकरा वाजता इकडे सर आणि तिकडे कमलाबाई, दोघं एकाच वेळी एकेक घोट घेत होते.

दुसऱ्या दिवशी चहा आला. सरांनी सिलिंडर काढला, डोळ्यासमोर धरला, फोन लावला. "हां. घे. एक." घोट घेतला. मी पाण्याचा भरलेला ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. भोयर सर काहीतरी बोलणार होते, मी डोळे वटारल्यावर गप्प बसले.

सरांनी ग्लासाला हात लावला आणि थांबले. फोन पुन्हा उचलला, नीट बंद झालाय का ते पाहिलं, उलटा करून टेबलावर ठेवला, वर रुमाल टाकला. मग खिडकीकडे तोंड फिरवून, जराही आवाज न करता, ते पाणी प्यायले.