गुलाबरावकाकाजींचं पांढरं भरीत

गुलाबरावकाकाजी भेटले की रामराम घालायच्या आधी समोरच्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून ओढून पाहत. माणूस कचेरीतला साहेब असो की दूध घालणारा गवळी, त्यांना त्याचं काही नसे. ओढायचे, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचे. "धागा आखूड आहे," नाही तर "धागा बरा आहे." हा निकाल कापडाचा की माणसाचा, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

ते कळंबच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवत. गाडी आली की मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा, आणि धागा किती लांब निघतो ते बघायचं. सारा जन्म हेच केल्यामुळे त्यांची बोटं घरीही स्वस्थ बसत नसत. दही लागलं की नाही ते चिमटीनंच बघत. पाहुण्यांची मिशीसुद्धा त्यांनी एकदा तपासली होती, असं माझे सासरे सांगत. ते खोटं नसावं.

कळंबचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन नगरहून कळंबला आले. यजमान शाळेत मास्तर होते. आमच्या आणि काकाजींच्या घरात एकच भिंत होती, आणि तीही खांद्याएवढी. पहिल्या आठवड्यात मी ओसरीवर वाती वळत बसले होते, तर भिंतीवरून एक हात आला आणि ताटातला कापूस उचलून घेऊन गेला. थोड्या वेळानं आवाज आला, "सूनबाई, कापूस बेकार आहे. पण वळणारीचा हात चांगला आहे." सासरी आल्यापासून माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं चांगलं वाक्य. तोवर फक्त माझ्या आमटीतल्या गुळाला हसून झालं होतं.

नव्या राज्याबद्दल चावडीवर मोठमोठ्यानं वाद चालत. काकाजींना कुणी मत विचारलं की म्हणत, "थोडं ओढून पाहू द्या, बाप्पा. आताच काय सांगू." माझ्या नणंदेला बघायला आलेल्या मुलाचा त्यांनी नुसता हात हातात घेतला, शेतीबद्दल तीन प्रश्न विचारले आणि आत येऊन सासूबाईंना सांगितलं, "आखूड आहे. तिसऱ्या प्रश्नाले तुटला." ते स्थळ बारगळलं. पुढं त्या मुलाचं फार चांगलं झालं, हे मात्र काकाजींना कुणी ऐकवत नसे.

यमुनाकाकू म्हणजे त्यांची बायको. उंच, सावळी, कामाला वाघीण आणि बोलायला महाकंजूष. दोघांना मूलबाळ नव्हतं. काकाजी दिवसभर बोलत आणि काकू दिवसभर ऐकत, असा त्या घराचा संसार होता. काकूंना आजार कसला तो ठाऊक नव्हता. फक्त वर्षातून एकदा, रोडग्याच्या दिवशी, त्यांचं डोकं दुखे.

कापसाची वेचणी संपली की आमची आळी गावाबाहेरच्या मारुतीपाशी रोडग्याचं जेवण करी. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून त्यावर तूप ओतायचं, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सारी आळी तिथं असे, एक यमुनाकाकू सोडून. त्या डोक्याला फडकं करकचून बांधून घरात पडलेल्या असत. ही डोकेदुखी तिथी बघून येते हे सगळ्यांना कळत होतं. का येते ते मात्र कुणी बोलत नसे.

मी आले त्या साली रोडग्याच्या आदल्या दिवशी काकाजींनी घरात उच्छाद मांडला. बाजारातून मांजरपाटाचं कोरं करकरीत कापड आणलं, त्यात म्हशीचं दही बांधलं आणि ते गाठोडं अंगणातल्या आडव्या बल्लीला टांगलं. मी भिंतीवरून विचारलं, "काकाजी, श्रीखंड करताय?"

"भरीत," ते म्हणाले. "पांढरं भरीत. खाली चक्का, त्यात घोटलेली साय. वरून पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी, कांदे, टमाटे, मिरच्या. त्यावर जवसाच्या तेलाची धार. उद्या पंगतीत वाढणार आहो."

"कापड धुऊन घेतलंत ना?"

माझ्या अडाणीपणाची त्यांना कीव आली. "कोऱ्या कापडाले कायले धुवायचं? त्याहून स्वच्छ काय असते?"

साऱ्या जन्मात कापसाचा धागा त्यांनी इतका ओळखला, पण कापसाचं कापड होताना त्याला खळ लावतात हे ते साफ विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोड्याखाली ठेवलेलं भांडं जवळजवळ कोरडं. दही आतल्या आत फुगून बसलेलं आणि वर खळीचा चिकट साका. काकाजींनी चिमटीत धरून ओढलं, तर धागा निघाला तो तुटेचना. आमचे हे म्हणाले, शाळेचे नकाशे डकवायला द्या. काकाजी हसले नाहीत. गाठोडं घेऊन उकिरड्याकडे गेले आणि पंगतीला उशिरा आले.

मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी भिंतीशी उभी राहून मी विचारलं की एवढा अट्टाहास कशासाठी. त्यांनी आधी घरात डोकावून पाहिलं. काकू विहिरीवर गेल्या होत्या.

"सूनबाई, तू भाईरून आली म्हणून तुले सांगतो," ते म्हणाले. "यमुना मेळघाटाकडची. तिच्या माहेरी म्हशीच म्हशी, अन् दूध घेणारं कोणी नाही. मंग प्रत्येक गोष्टीत चक्का. लगन झाल्यावर पहिल्याच रोडग्याले तिनं हे भरीत केलं. हौसेनं पंगतीत घेऊन आली. पाटलीणबाईनं पत्रावळीवर पाह्यलं अन् म्हणे, 'हे आजाऱ्याचं जेवण कोणं आणलं?' सारी पंगत हासली."

"आणि काकू?"

"भरताचा गंज उचलला अन् घरी गेली." ते थोडा वेळ भिंतीवरचं शेवाळ खरवडत राहिले. "मी तिथंच, पारावर बसलेलो होतो. मी बी हासलो."

काकाजींची बोटं तेव्हा पहिल्यांदा मला स्वस्थ दिसली.

"त्या दिवसापासून तिनं ते केलं नाही. मी चाखलं बी नाही आजवर. मागच्या साली साळ्याच्या घरी गेलतो, तं त्याच्या बायकोकडून सारं शिकून घेतलं. तिनं ताट पुढं केलं, तं पोट दुखते म्हणलं. यमुना वाढीन तव्हाच खाईन. पण आधी ह्या पंगतीनं खाल्लं पायजे. मागून मागून खाल्लं पायजे. मंग तिच्या मनातलं जाईन, मंग ती वाढीन मले."

या माणसाला दहा माणसांत हसावं असंच कुणालाही वाटावं, इतका तो हास्यास्पद होता. पण त्या दिवशी मी घरात आले आणि चुलीपुढे बसून रडले. आमटीत गूळ घालणाऱ्या सुनेला पंगतीतलं हसू म्हणजे काय ते चांगलंच कळतं.

पुढच्या साली मी कंबर कसली. धुऊन धुऊन मऊ झालेलं माझं जुनं पातळ फाडून दिलं. काकाजींनी ओढून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "झिजून गेलं हे."

"झिजलंय म्हणूनच पाणी गळेल," मी म्हटलं. ते गळलं. सकाळी चक्का असा बसला होता की सुरीनं कापावा.

अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ केला. कपाशीच्या वाळक्या काड्या भरभर पेटतात आणि भरभर विझतात, त्यामुळे काकाजी जाळाभोवती नाचत होते. घरात काकू फडकं बांधून पडल्या होत्या. दार मात्र उघडं होतं. एका बाजूनं वांगी काळी पडायला लागली तसा आतून खोकला आला. काकाजी थबकले. त्यांनी वांगी फिरवली, खोकला थांबला. कांदे जाळाच्या फार मध्यात गेले, पुन्हा खोकला. काकाजींनी ते कडेला ओढले. काकूंना खोकला कधी होत नसे. मी काकाजींकडे पाहिलं, ते माझ्याकडे पाहीनात.

सोललेली वांगी ठेचून मी ती गरम असतानाच चक्क्यावर घालायला गेले, तर आतून अशी ढास लागली की मला वाटलं पाणी न्यावं. मग उमगलं. गरम घातलं असतं तर चक्का फुटून त्याचं पाणी झालं असतं. वांगी निवेपर्यंत आम्ही दोघं गुपचूप बसून राहिलो.

"काकू, चला ना मारुतीपाशी," निघताना मी दारातून म्हटलं.

"डोकं दुखते," काकू म्हणाल्या आणि कूस बदलली.

पुरुषांची पंगत उठली, बायकांची बसली आणि काकाजी गंज घेऊन थेट बायकांच्या पंगतीत शिरले. असं कधी कुणी केलं नव्हतं. भराभर पदर ओढले गेले. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अवो भाऊजी, हे काय?" काकाजी कुणाकडे न बघता वाढत सुटले. प्रत्येक पत्रावळीवर पांढरा थर, त्यावर भाजल्या भाज्या. वाढण्याच्या घाईत जवसाचं तेल निम्मं जमिनीवर गेलं.

पाटलीणबाई आता पार म्हाताऱ्या झाल्या होत्या. तोंडात दोन-चारच दात उरले होते, पण त्यांनी घास घेतल्याशिवाय अजूनही कुणी घास घेत नसे. त्यांनी पत्रावळीवर पाहिलं. बोटानं थोडं चाखलं. मग रोडग्याचा मऊ भाग त्यात कालवला आणि खाल्ला. सारी पंगत बघत होती. काकाजींनी गंज छातीशी धरला होता.

"हे कोणं केलं?"

"यमुनाचं आहे," काकाजी म्हणाले.

"मंग इतके वर्स कुठं लपवून ठेवलं होतं? वाढा अजून. आमच्या दातायले असंच पायजे."

त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला की हातातला घास मी पत्रावळीवर परत टाकला. पण पंगत सुटली होती. इकडे वाढा, तिकडे वाढा, आणि बघता बघता गंजाचा तळ दिसला.

घरी परतताना काकाजी जवळजवळ धावत होते. पळी घेऊन मी मागे. काकू खाटेवर उठून बसल्या होत्या. काकाजींनी रिकामा गंज त्यांच्यापुढे ठेवला. "पाटलीणबाईनं दोनदा घेतलं."

काकूंनी गंजात वाकून पाहिलं. "तिले आठवते का काही?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," ते म्हणाले. "काहीच नाही आठवत तिले."

काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यांना हसताना मी तेव्हा प्रथमच पाहिलं. "अन् मी मात्र दरसाल डोकं बांधून पडली." हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "तुमी खाल्लं?"

"नाही."

"संपलं म्हणून?"

"तू वाढलं नाही म्हणून."

काकू उठल्या. टोपलीतलं एक वांगं घेऊन चुलीतल्या निखाऱ्यांत सरकवलं आणि पाठमोऱ्याच बोलू लागल्या. इतकी वाक्यं एका दमात त्या बोलल्याचं मला आठवत नाही.

"पाटलीणबाई काय, सारा गाव हासला असता तरी मले काही नव्हतं. गाव माहा कोण लागते? तुमी हासले, तेवढंच लागलं. पंगतीले कायले खाऊ घालत बसले?"

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी मागतलं काहून नाही?"

वांग्याची साल निखाऱ्यांत तडतडत होती. काकू गाठोड्याच्या फडक्याला लागून राहिलेला चक्का बोटानं निपटून वाटीत घेत होत्या. काकाजींनी फळीवरून आपलं ताट काढलं, चुलीपाशी जाऊन बसले आणि ते ताट दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

"आता मागून राह्यलो," ते म्हणाले. "वाढ."